यंत्रांचे पाठभेद

काही काळापूर्वी संशोधनपद्धतीवरील एका चर्चासत्रात मी एडिसनच्या जुन्या फोनोग्राफ यंत्रांचे उदाहरण घेतले होते. ही यंत्रे कारखान्यातून बाहेर पडत असताना त्यांच्या घडणीत कोणते बदल केव्हा होत गेले, हे शोधण्यासाठी संग्राहक आपापल्या घरातील यंत्रांच्या नोंदी एकत्र करतात, त्या क्रमांकानुसार मांडतात आणि त्यांतून निष्कर्ष काढतात. ही पद्धत आपल्या पाठचिकित्सेच्या फार जवळची आहे, एवढेच माझे म्हणणे होते. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी समारोपात ते एका वाक्यात निकालात काढले. "हा छंद झाला, याला संशोधन म्हणत नाहीत." सभागृह हसले. चहाची वेळ झालेली असल्याने उत्तर राहून गेले, ते येथे देत आहे. मात्र ज्यांची बाजू मला घ्यायची आहे त्या संग्राहकांशीही माझे भांडण आहे, आणि खरे सांगायचे तर तेच अधिक जिव्हाळ्याचे आहे.

आधी विषय काय आहे ते पाहू. एडिसनने १८७७ मध्ये कथिलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उमटवून दाखवला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु फोनोग्राफ मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात शिरला तो त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. १८९६ मध्ये 'होम', १८९८ मध्ये 'स्टँडर्ड', १८९९ मध्ये 'जेम' अशी चावीची यंत्रे बाजारात आली. स्टँडर्डची किंमत वीस डॉलर होती. मेणाचा पोकळ सिलिंडर, त्यावर टेकणारी ध्वनिपेटी म्हणजे रिप्रोड्यूसर, वर कर्णा आणि खाली ओक लाकडाची पेटी असा सगळा थाट. करमणुकीच्या यंत्रांचा हा धंदा एडिसनच्या कंपनीने १९२९ मध्ये बंद केला.

बाजारात असेपर्यंत 'स्टँडर्ड' हे एकच नाव धारण करणारे यंत्र सतत पालटत राहिले. प्रारंभीची पेटी चौकोनी, सपाट झाकणाची. पुढे झाकण दोन्ही बाजूंच्या खिट्यांनी बंद होऊ लागले. संग्राहक त्याला 'सूटकेस' म्हणतात. त्यानंतर पेटीच्या दर्शनी भागावर फडकत्या फितीसारखे चित्र आले आणि त्यात यंत्राचे नाव. मग ती फीतही गेली आणि एडिसनची लफ्फेदार सही तेवढी उरली. आतल्या यंत्रणेतही असेच. सर्वांत मोठा पालट १९०८ चा. तोवर सिलिंडरवर एका इंचात शंभर आटे कोरलेले असत आणि तो सुमारे दोन मिनिटे वाजे. त्या वर्षी 'अंबेरॉल' आला: इंचाला दोनशे आटे, वाजण्याचा काळ चार मिनिटे. साहजिकच ध्वनिपेटी पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेचा वेग निम्मा करावा लागला आणि रिप्रोड्यूसरही बदलावा लागला. दोन मिनिटांसाठी 'सी', चार मिनिटांसाठी 'एच', आणि फिरवून दोन्हींना चालणारा दोन टोकांचा 'के'.

यात साहित्याच्या माणसाने कशाला लक्ष घालायचे? घालायचे, कारण घरात काय ऐकले जात होते हे यंत्राच्या स्थितीवर अवलंबून होते. दोन मिनिटांत गाण्याची किती कडवी बसतात, नकलाकाराचा विनोद कुठे तोडावा लागतो, हे लाकडाच्या पेटीतल्या दातेरी चाकाने ठरवले. ध्वनिमुद्रणपूर्व आणि ध्वनिमुद्रणोत्तर मौखिकता यांवर आपण पानेच्या पाने लिहितो. पण ते चाक कोणत्या घरी केव्हा पोचले, हे विचारले की आपली लेखणी अडखळते.

कारखान्याच्या दप्तरात हे सापडत नाही का, असे कोणी म्हणेल. वेस्ट ऑरेंज येथील एडिसनच्या कारखान्याला ९ डिसेंबर १९१४ च्या संध्याकाळी भीषण आग लागली होती, हे प्रसिद्धच आहे. तरीही कागद काही थोडेथोडके उरलेले नाहीत. एडिसनच्या दप्तरात सुमारे पन्नास लाख पाने असल्याचे सांगतात आणि रटगर्स विद्यापीठाचा संपादनप्रकल्प १९७८ पासून त्यांत बुडालेला आहे. पण पन्नास लाख पाने असूनही अमुक खिटी अमुक महिन्यात बदलली, असे सांगणारी सलग वही हाती लागत नाही. १९०३ पासून विक्रेत्यांसाठी निघणारे 'एडिसन फोनोग्राफ मंथली' हे कंपनीचे मासिक आहे, त्यात मोठ्या बदलांच्या घोषणा सापडतात. परंतु घोषणा म्हणजे कंपनीला जे कळवावेसे वाटले ते. नवे यंत्र जाहीर झाले म्हणून गोदामातले जुने भाग कोणी फेकून देत नाही. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील प्रकाशनवर्षावर जितका विश्वास ठेवावा तितकाच या घोषणांवर ठेवावा.

मग उरतात ती यंत्रे. जॉर्ज फ्रो आणि अल्बर्ट सेफल यांचा एडिसनच्या सिलिंडर यंत्रांवरील ग्रंथ १९७८ मध्ये निघाला. या क्षेत्रातला तो पायाभूत ग्रंथ, आणि त्यामागे विद्यापीठाचा विभाग नव्हता, संग्राहकांची चिकाटी होती. संग्राहकांच्या सर्वेक्षणाचे तंत्र साधे आहे. यंत्रावर धातूची पट्टी असते. तिच्यावर अनुक्रमांक, नमुन्याचे अक्षर आणि एकस्वांच्या म्हणजे पेटंटांच्या तारखा. त्या पट्टीचा मजकूर उतरवायचा. पेटीवरचे चित्र, झाकणाची खिटी, चावीची मूठ, रिप्रोड्यूसरचे अक्षर, कर्ण्याचा आधार, सगळे नोंदवायचे. अशा पुष्कळ नोंदी जमल्या की त्या अनुक्रमांकाने लावायच्या. समजा, चाळीस हजारांच्या आतील सर्व यंत्रांवर जुने चित्र आहे आणि पंचेचाळीस हजारांच्या पुढे सर्वांवर नवे. मधल्या पाच हजारांत दोन्ही मिसळलेली. मग बदल या पट्ट्यात झाला हे तर कळतेच, शिवाय तो एका दिवसात झाला नाही, जुना साठा संपेस्तोवर दोन्ही चित्रे लावली जात होती, हेही कळते. पट्टीवरील सर्वांत अलीकडची एकस्वाची तारीख घेतली की यंत्र त्यापूर्वीचे असू शकत नाही एवढी एक सीमा मिळते. दुसरी सीमा मात्र तिच्यातून मिळत नाही. पोथीत एखाद्या राजाचा उल्लेख आला की पोथी त्याच्या आधीची नाही, पण किती नंतरची हे सांगता येत नाही, तसेच हे.

अनुक्रमांकांवरून अनुमान करणे हा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी दुसऱ्या महायुद्धातील एक प्रकरण पाहावे. जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवते याचा अंदाज दोस्तराष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी पाडाव झालेल्या रणगाड्यांवरील क्रमांकांवरून बांधला. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा आकडा १,५५० होता, क्रमांकांवरून काढलेला ३२७. युद्धानंतर जर्मनांचे स्वतःचे कागद सापडले. त्यांत ३४२ होते. अर्थात रणगाड्यांचा आणि फोनोग्राफांचा हिशेब एकच नव्हे. त्याकडे पुढे येतो.

आता 'छंद' या आक्षेपाकडे. त्यामागची समजूत अशी दिसते की सामग्री खाजगी घरांत, ती नोंदवणारे अप्रशिक्षित, म्हणून फलित संशोधन नव्हे. ही समजूत मान्य केली तर पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काय करायचे? तिच्यासाठी तपासलेल्या बाराशेहून अधिक पोथ्या काही विद्यापीठांनी लिहवून घेतलेल्या नव्हत्या. मठ, मंदिरे, संस्थानिकांची ग्रंथालये आणि पोथी सांभाळणारी साधी घरे यांच्याकडून त्या आल्या. त्या घरांतल्या माणसांना पाठचिकित्सा येत होती का, असे सुकथनकरांनी विचारले नाही. त्यांनी पोथी पाहिली, तिचा पाठ उतरवला, इतर पोथ्यांशी ताडला. सामग्री कोणाच्या फडताळात होती यावरून शास्त्र ठरत नाही. ती कशी ताडली यावरून ठरते.

जवळचे उदाहरण हवे असेल तर भारतीय ध्वनिमुद्रिकांचे घ्यावे. गायझबर्गने १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासूनच्या तबकड्यांच्या सूची आपल्या संगीताचे इतिहासकार आज सर्रास वापरतात. त्या सूची कोणी केल्या? मायकेल किनिअर यांच्यासारख्या स्वतंत्र अभ्यासकाने, आणि १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या सभासदांनी. तबकडीच्या लेबलाजवळ कोरलेले बारीक अंक भिंगातून वाचत बसणाऱ्या या मंडळींच्या खांद्यावर उभे राहून आपण प्रबंध लिहायचे आणि त्यांना हौशी म्हणायचे, हा शिष्टाचार मला तरी समजत नाही.

आणि आपण स्वतः काय करतो? मराठी विभागांतून एखाद्या कादंबरीवर प्रबंध होतो तो बहुधा हाताला लागलेल्या आवृत्तीवरून. ती दुसरी की अकरावी, मधल्या काळात लेखकाने काही गाळले का, मुद्रिते तपासणाऱ्याने बोलीतले शब्द 'शुद्ध' केले का, हे प्रश्न मार्गदर्शक विचारत नाही आणि बहिस्थ परीक्षकही विचारत नाही. प्रियोळकरांनी रघुनाथ पंडिताच्या आख्यानासाठी जे कष्ट उपसले त्यांचे नाव अभ्यासक्रमात एका गुणाच्या प्रश्नापुरते उरले आहे. ओहायोतील एखादा निवृत्त गृहस्थ दोन यंत्रांच्या खिट्या मोजपट्टी लावून ताडून पाहत असेल, तर तो आपल्यातील बहुसंख्य संशोधकांपेक्षा पाठचिकित्सेच्या अधिक जवळ आहे. हे वाक्य कोणाला झोंबले तर झोंबू द्यावे.

एवढे म्हटल्यावर आता संग्राहकांकडे वळतो.

त्यांच्यात एक शब्द रूढ आहे: 'फ्रँकनफोन'. मेरी शेलीच्या नायकाने जसा निरनिराळ्या प्रेतांचे अवयव जोडून प्राणी उभा केला, तसे निरनिराळ्या यंत्रांचे भाग जोडून केलेले यंत्र. अशी यंत्रे आहेत, विक्रीसाठी मुद्दाम बनवली जातात, हे खरेच. परंतु हा शब्द एकदा हाती आला की तो कोणत्याही गैरसोयीच्या यंत्रावर मारता येतो. जुन्या अनुक्रमांकाच्या यंत्रावर नवे चित्र दिसले? फ्रँकनफोन. काढून टाका. नवी खिटी आणि जुना रिप्रोड्यूसर? तेही काढा. मग उरलेल्या नोंदी सुरेख जुळतात आणि बदल कसा एका क्रमांकापाशी धारदारपणे झाला ते दिसते. दिसणारच, जो पुरावा तसे म्हणत नव्हता तो आपण आधीच बाहेर बसवलेला असतो. नमुना नोंदींवरून ठरवायचा आणि मग त्याच नमुन्याने नोंदी चाळायच्या, हे चक्र आहे.

प्रत्यक्षात एखादे यंत्र विसंगत दिसण्याची कारणे निदान तीन असतात. एक, कारखान्यातच उरलेला भाग बसवला गेला. दोन, विक्रेत्याने किंवा मालकाने पुढे फेरफार केला. १९०८ नंतर कंपनीने स्वतःच जुन्या यंत्रांसाठी चार मिनिटांचे जोडसामान विकले, त्यामुळे कितीतरी जुन्या स्टँडर्डच्या पोटात नंतरची चाके आहेत आणि ती बनावट नाहीत. मालकाला अंबेरॉल ऐकायचा होता, एवढेच. तीन, अलीकडे कोणा व्यापाऱ्याने जुळवाजुळव केली. यांतील पहिले उत्पादनाच्या इतिहासाचा पुरावा, दुसरे श्रवणाच्या इतिहासाचा, आणि तिसरे बाजाराच्या. तिन्ही एका टोपलीत टाकून टोपली फेकणे म्हणजे काय, हे पोथ्यांवर काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. भेद कसा करायचा याची साधनेही आहेत: स्क्रूची जादा भोके, चित्राखाली न उन्हाळलेले लाकूड, दोन भागांवरील गंजाचा वेगळेपणा. पण ती वापरण्यासाठी यंत्र नोंदीत राहायला हवे.

याहून मोठा अपराध जीर्णोद्धाराचा. पेटीवरचे जुने रोगण खरवडून चकचकीत नवे द्यायचे, झिजलेले चित्र पुसून आज छापलेले नवे चिकटवायचे, निकेलचा मुलामा पुन्हा चढवायचा. यंत्र देखणे होते, किंमत वाढते. आणि त्या यंत्रापुरता पाठ कायमचा नष्ट होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ते उपकार आपण कृतज्ञतेने आठवतो. परंतु ती शुद्ध प्रत सर्वमान्य झाल्यावर आधीच्या प्रतींची उपेक्षा झाली, आणि १९०९ मध्ये राजवाड्यांना एकनाथपूर्व म्हणून एक पोथी पुढे करून वाद ओढवून घ्यावा लागला, हेही आठवावे. एकनाथांपाशी निदान अधिकार होता, आणि भक्ती होती. रोगणाचा डबा घेऊन बसलेल्याकडे काय असते?

येथे एक गमतीची आठवण. तबकडीच्या कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. फ्रान्सिस बॅरोच्या मूळ चित्रात तो सिलिंडरच्या फोनोग्राफसमोर बसला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेण्याचे मान्य केले ते यंत्र बदलण्याच्या अटीवर. बॅरोने फोनोग्राफवर रंग चढवून तेथे तबकडीचे यंत्र काढले. मूळ चित्रावर विशिष्ट कोनातून प्रकाश पडला की रंगाखालचे पहिले यंत्र अजूनही जाणवते म्हणतात. कोणी उत्साही माणसाने ते चित्र 'नीट' करायला घेतले असते तर?

आणखी एक दोष आहे, तो अप्रामाणिकपणाचा नाही, गणिताचा आहे. रणगाड्यांच्या हिशेबाकडे परत येतो तो यासाठी. युद्धात कोणता रणगाडा हाती लागेल हे त्याच्या सौंदर्यावर अवलंबून नव्हते. फोनोग्राफाचे तसे नाही. महागडा, महोगनीचा 'ऑपेरा' कोणी फेकून देत नाही; साडेसात डॉलरचा 'जेम' मुलांनी मोडला तर कोणी हळहळत नाही. शिवाय नोंदपत्रक भरणारा आपल्याकडील दुर्मीळ यंत्र आधी भरतो, सामान्य यंत्र आळसाने राहून जाते. तेव्हा सर्वेक्षणात अमुक नमुन्याची इतकी यंत्रे आली म्हणून ती त्या प्रमाणात बनली असतील, असे म्हणणे म्हणजे ग्रंथसंग्रहालयात बखरी अधिक आहेत म्हणून पेशवाईत लोक बखरीच वाचत होते असे म्हणणे आहे. सर्वेक्षण बदलांचा क्रम सांगते, बदलाचा पट्टा सांगते. प्रमाण विचारले की त्याने गप्प बसावे.

आपल्या मुंबईचा या प्रकरणाशी संबंध आहे, आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. चोरबाजारात पितळेचा झळझळीत कर्णा, अष्टकोनी पेटी आणि कुत्र्याचे चित्र असलेली 'अँटिक' यंत्रे पर्यटकांना विकली जातात. पेटी नवी, कर्णा नवा, आतील मोटार बहुधा एखाद्या मोडक्या पोर्टेबल ग्रामोफोनची. परदेशी संग्राहक त्यांना 'क्रॅपोफोन' असे हेटाळणीचे नाव देतात आणि कोणत्याही सर्वेक्षणाच्या दारातूनच परत पाठवतात. मुख्य तक्त्यात त्यांना जागा नाही, हे मलाही मान्य आहे. पण महाभारताच्या संपादकांनी गणेशाने लेखनिक होण्याची कथा प्रक्षिप्त ठरवली तेव्हा ती जाळली नाही, परिशिष्टात छापली. त्यामुळे ती कोणत्या पोथ्यांत आहे, कोणत्या नाहीत, हे आज कोणालाही तपासता येते. चोरबाजारातील त्या पेटीतली मोटार तरी खरी आहे. तिच्यावर काय कोरले आहे ते उतरवून घ्यायला काय हरकत होती?

सुकथनकरांनी १९३३ च्या प्रस्तावनेत एक गोष्ट स्वच्छ केली होती: आपण व्यासांच्या हातची संहिता देत नाही, उपलब्ध पोथ्यांवरून जेथवर मागे जाता येते तेथवरचा पाठ देतो. संग्राहक मात्र आजही 'कारखान्यातून निघाले तसे' या शब्दांवर जीव टाकतो, जणू कारखान्यात एक आदर्श यंत्र होते आणि बाकीची त्याच्या बऱ्यावाईट नकला. मजा अशी की आमचे अध्यक्ष महाशयही 'प्रमाण संहिता' या शब्दावर तसाच जीव टाकतात. दोघांची भेट झाली तर त्यांचे छान जमेल.

माझी मागणी फार नाही. सर्वेक्षण करणाऱ्यांनी निष्कर्षाबरोबर सर्व नोंदी छापाव्यात, वगळलेल्याही, आणि का वगळल्या ते एका ओळीत लिहावे. चोरीच्या भयाने मालकाचे नाव आणि अनुक्रमांकाचे शेवटचे दोन अंक झाकले तरी चालतील; हजारांच्या पट्ट्यात त्याने बिघडत नाही. नोंदपत्रकात आणखी दोन रकाने असावेत: या यंत्रावर तुम्ही स्वतः काय बदलले, आणि बदलण्यापूर्वीचे छायाचित्र आहे का. पहिला रकाना भरताना पुष्कळांचा हात थांबेल. थांबला तर तसे लिहावे: उत्तर दिले नाही.